एका सेलवर सगळं कॉलेज

सेकानी मुघोघोला त्या सकाळी हसू आवरत नव्हतं, आणि आमची प्रॅक्टिकलची परीक्षा अगदी तोंडावर आली होती.

कारण तसं मोठंच होतं. आम्ही दोघी वसतिगृहाच्या पायरीवर बसून मांदासीचे तळलेले गोड गोळे चहात बुडवून खात होतो, तेवढ्यात तळ्याकाठच्या तिच्या गावाहून, उसिस्याहून, तिच्या भावाचा फोन आला. वोंगानी कायांगेचा काका लग्नाची बोलणी करायला लाँचमधून त्यांच्या घरी गेला होता. सेकानीचे वडील दोन दिवस अंगणात जाळं विणत बसले. हो नाही, की नाही नाही. काका बिचारा समोर बसून नुसता मासे खात राहिला. आणि त्या सकाळी दात घासता घासता वडील एकदम म्हणाले, "बरं, होऊ दे."

"दात घासताना!" सेकानी ओरडली. "टोवेरा, माझं लग्न माझ्या बापानं तोंडात फेस असताना ठरवलं!" आणि तिनं चहाचा पेला माझ्या मांडीवर सांडला.

त्यानंतर तिला काहीही सांगा, ती हसायची. लुंगीसारखा गुंडाळलेला चितेंजे उलटा बांधलाय म्हटलं, हसली. परीक्षा बाई म्झुमारा घेणार आहेत म्हटलं, तरी हसली.

म्झुमारा मॅडमचं नाव ऐकून आमच्या कॉलेजात कोणी हसत नसे. आयुष्यभर वीजकेंद्रांवर काम करून निवृत्त झालेली ती बाई बाहेरची परीक्षक म्हणून आमच्या न्खाटा बे गावी यायची. पांढरे केस, जाड चष्मा आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी, की आत काय असेल याच्या पैजा लागत. परीक्षा दोघादोघांची असे. मी आणि सेकानी पहिल्यापासून एका टेबलावर, त्यामुळे ती बुडाली तर मीही बुडणार हे उघड होतं.

"हे बघ," चढ चढताना मी तिला म्हणाले, "आत गेल्यावर काहीतरी वाईट आठव. कोणी मेलेलं आठव."

"कोण?"

"कोणीही. तुझी भावी सासू आठव. ती जिवंत आहे, पण चालेल."

तेवढं मात्र लागू पडलं. सेकानी गप्प झाली.

वोंगानी आमच्याच कॉलेजात, वेल्डिंगच्या विभागात होता, आणि त्याची आई कॉलेजचं स्वयंपाकघर चालवायची. सगळे तिला अमामा कायांगे म्हणत. अमामा म्हणजे आई, पण ही आई पोलिसासारखी होती. उंच, रुंद, हातात वल्ह्याएवढा लाकडी चमचा. सेकानीबद्दल तिचं मत तिनं लपवलं नव्हतं. "ती पोरगी सारखी दात काढते," ती रांगेत सगळ्यांदेखत म्हणाली होती. "घराला आग लागली तरी दात काढेल." तेव्हापासून सेकानी जेवायला स्वतः जातच नसे. ताट माझ्या हातात देऊन खांबाआड उभी राहायची. मी दोन ताटं पुढे केली की अमामा म्हणायची, "दोन पोटं आहेत का गं तुला?" आणि मी म्हणायचे, "हो, अमामा."

प्रयोगशाळेत मॅडमनी मान न उचलता चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. मी चिठ्ठी उचलली. तिच्यावर सर्किट काढलेलं होतं. बारा व्होल्टची बॅटरी, स्विच, पुढे शंभर ओहमचा रेझिस्टर. तिथून वाट दोन ठिकाणी फुटत होती. एका वाटेवर दोनशे ओहमचा रेझिस्टर, दुसरीवर कॉईल. पुढे दोन्ही वाटा एक होऊन परत बॅटरीला.

"कॉईलच्या तारेचा रेझिस्टन्स सोडून द्या," मॅडम म्हणाल्या. "मी स्विच लावला. त्या क्षणी, अगदी त्याच क्षणी, कॉईलमधून करंट किती?" त्यांनी सेकानीकडे बोट केलं.

"शून्य, मॅडम," सेकानी म्हणाली. आवाज चक्क सरळ होता. "कॉईलला बदल आवडत नाही. करंट नव्हता ना, मग ती म्हणते, नसूच दे. सगळा करंट दोनशेच्या वाटेनं जातो. शंभर आणि दोनशे, तीनशे. बारा भागिले तीनशे, चाळीस मिलीअँपिअर."

"आणि थोड्या वेळानं?"

"मग ती हळूहळू ऐकते. करंट वाढत जातो. आणि शेवटी..." तिचा ओठ थरथरला. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. "शेवटी ती दात घासता घासता..."

आणि ती फुटली. टेबलावर डोकं ठेवून, खांदे हलवत, हुंदके दिल्यासारखी हसायला लागली. मला वाटलं, संपलं. आणि ते वाटता वाटताच माझ्याही पोटातून काहीतरी वर यायला लागलं. मी दात आवळले, खिडकीतून तळ्याकडे बघितलं, मेलेल्या आजीला आठवलं. आजीही हसताना दिसली.

"काय झालं हिला?" मॅडमनी मला विचारलं.

"हिचं लग्न ठरलं, मॅडम," मी नाकातून म्हणाले. "आज सकाळी. हिचे वडील दोन दिवस अडून बसले आणि मग एकदम हो म्हणाले."

"असं." मॅडमनी चष्मा वर सरकवला. चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. "किती व्होल्टचे आहेत तुझे वडील?"

सेकानीनं डोकं वर केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वडील, मॅडम... वडील डीसी आहेत."

"मग ठीक. डीसीचंच सर्किट आहे. बोल, शेवटी काय?"

"शेवटी कॉईल म्हणजे साधी तार," सेकानी डोळे पुसत म्हणाली. "दोनशेच्या रेझिस्टरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. बारा भागिले शंभर. एकशेवीस मिलीअँपिअर, सगळा कॉईलमधून."

"आता तू." बोट माझ्याकडे वळलं. "मी स्विच काढला. त्या क्षणी दोनशेच्या रेझिस्टरमधून किती?"

"शून्य, मॅडम. बॅटरीच तुटली ना."

"हं," मॅडम म्हणाल्या. ते 'हं' ऐकून माझं हसू जागच्या जागी वाळलं. "आणि नवरीबाईचं काय म्हणणं?"

"एकशेवीस मिलीअँपिअर. उलट्या दिशेनं," सेकानी म्हणाली. आता ती पुढे वाकली होती. हसू होतंच, पण ते कामाला लागलं होतं. "कॉईलमधून एकशेवीस चालू होता. कॉईल त्याला एका क्षणात पडू देणार नाही. बॅटरीची वाट बंद. उरली वाट एकच, त्या रेझिस्टरमधून. मग ती तिकडून घुसवते. दोनशे ओहममधून एकशेवीस, म्हणजे चोवीस व्होल्ट."

"बारा व्होल्टच्या बॅटरीवर चोवीस? आले कुठून?"

"कॉईलनं साठवलेलं असतं, मॅडम. क्षणभरच. मग उतरत उतरत शून्य."

"त्या दोनशेच्या जागी माणूस बसवला तर?"

"ओल्या हातांचा की कोरड्या?"

मॅडमनी चष्मा काढला. माझ्या आठवणीत त्यांनी परीक्षेत चष्मा काढलेला कोणी पाहिला नव्हता. "ओल्या."

"दोन हजार ओहम धरू. एकशेवीस मिलीअँपिअरला दोनशेचाळीस व्होल्ट. माणूस उडेल."

"आणि हातात हात धरून दोन माणसं बसवली तर करंट निम्मा."

"नाही, मॅडम. तेवढाच."

"रेझिस्टन्स दुप्पट तर करंट निम्मा. शाळेत शिकवतात."

"ते बॅटरीला!" सेकानी इतक्या जोरात म्हणाली, की मी पुन्हा तिचा पाय शोधायला लागले. "बॅटरीचे व्होल्ट ठरलेले असतात. कॉईलचा त्या क्षणीचा करंट ठरलेला असतो. माणसं वाढवली की व्होल्ट वाढतात. पहिला टोला तेवढाच बसतो, फक्त लवकर संपतो. दहा माणसं, वीस माणसं, कितीही बसवा."

 मॅडमनी पिशवीत हात घातला, आणि टॉर्चचा एक सेल काढून टेबलावर उभा केला.

"दाखव."

बारा व्होल्टची बॅटरी त्यांनी बाजूला सारली. "मला आज कोणाला मारायचं नाही," त्या म्हणाल्या. कॉईल म्हणून आमच्याकडे ट्यूबलाईटचा जुना चोक होता. त्याला तो सेल आणि स्विच जोडला, चोकच्या दोन टोकांना दोन उघड्या तारा. चोकच्या तारेचाच रेझिस्टन्स चाळीसेक ओहम, म्हणजे करंट चाळीस मिलीअँपिअरच्याही आत. मॅडमनी विचारून घेतलं, कोणाचं हृदय कमजोर नाही ना, कोणी गरोदर नाही ना. "अजून नाही," सेकानी म्हणाली आणि पुन्हा वाकडी झाली.

आम्ही हात ओले केले. एक तार माझ्या हातात, दुसरी तिच्या, आणि मोकळे हात एकमेकींत. मॅडमनी स्विच लावला. काही नाही. मुंगीसुद्धा चालली नाही. मी म्हणणार होते, की दीड व्होल्टात काय होणार, तेवढ्यात त्यांनी स्विच काढला.

मी जी किंचाळले ती खाली बाजारापर्यंत गेली असणार. दोन्ही कोपरांत कोणीतरी एकदम चिमटा काढावा तसं झालं. सेकानी उडाली, स्टूल पडलं, स्टूलावर ती पडली.

"सरका," म्झुमारा मॅडम म्हणाल्या. त्यांनी बाह्या वर केल्या, बादलीत हात बुडवले आणि माझ्या जागी उभ्या राहिल्या. "टोवेरा, तुझी तार इकडे दे आणि स्विच तू सांभाळ. तेवढं तरी येईल ना?"

मी तार त्यांना दिली. एका हातात तार, एका हातात सेकानीचा हात. मी स्विच लावला आणि काढला.

मॅडम हसल्या. त्या हसू शकतात हेच आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे तो आवाज कुठून आला हे कळायला वेळ लागला. अंडं घातल्यावर कोंबडी ओरडते तसं. "अगंबाई!" त्या म्हणाल्या. "तरुणपणी एकदा बसला होता असा! परत!"

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि प्रयोगशाळेचे चिराम्बो सर आत आले. ते झोपतानाही टाय घालत असावेत अशी आमची खात्री होती. "माझ्या प्रयोगशाळेत परीक्षेच्या वेळी किंकाळ्या?"

"सर, हात ओले करा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी..."

"ओले करा हो. तिसरा माणूस पाहिजे."

परीक्षकाला नाही कोण म्हणणार? सरांनी टाय खांद्यावर टाकला, हात ओले केले आणि साखळीत उभे राहिले. टोला बसल्यावर त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो आम्ही त्यांच्याकडून कधीच ऐकला नव्हता. मग तेच सगळ्यांत जास्त पेटले. दाराबाहेर पुढची जोडी घाम पुसत उभी होती, त्या दोघांना त्यांनी मानगुटीला धरून आत आणलं. पाच जण. टोला बसला. "हलका झाला!" सर ओरडले. "नाही, सर, सुरुवात तेवढीच, लवकर संपतो म्हणून हलका वाटतो!" सेकानी ओरडली. "मग किती माणसांना लागेनासा होईल?" मॅडम ओरडल्या. बोलत कोणीच नव्हतं, सगळे ओरडतच होते.

"माणसं आणतो," म्हणत सर धावत बाहेर गेले. धावत!

परत आले ते वेल्डिंगचा अख्खा वर्ग घेऊन. त्यात वोंगानी, काळा चष्मा कपाळावर, तोंड उघडं. आणि त्यांच्या मागून, कपाळाला आठ्या, हातात तो चमचा, स्वयंपाकघरातल्या चारही बायकांना पुढे ढकलत अमामा कायांगे.

"चुलीवर अन्न आहे," ती म्हणाली. "कोण मेलंय?"

सेकानीचं हसू गेलं. दिवा मालवावा तसं गेलं. रीत म्हणून ती गुडघा टेकून बसली आणि खाली मान घालून नमस्काराचं काहीतरी पुटपुटली. मॅडमना यातलं काय माहीत? त्या माणसं लावत सुटल्या होत्या. एक उंच, एक बुटका, एक ओला, एक कोरडा. त्यांनी अमामाला दंडाला धरून सेकानीशेजारी उभं केलं. "आई, तुम्ही हिचा हात धरा."

"हिचा?" अमामा म्हणाली. "ही तीच ना, हसणारी?"

 साखळीत चार माणसांपलीकडे उभा असलेला वोंगानी छताकडे बघत होता, जणू तिथं वेल्डिंग करायचं राहिलंय.

"भिऊ नका," मॅडम म्हणाल्या. "मुंगी चावल्यासारखं."

"मी मुंग्यांना भीत नाही," अमामा म्हणाली. तिनं चमचा काखेत धरला आणि सेकानीचा हात घेतला. तो कसा घेतला ते मी बघितलं. बाजारात मासा ताजा आहे का बघतात, तसा.

प्राचार्यही दारात येऊन उभे होते. साखळीत या म्हटल्यावर ते म्हणाले, "माझं हृदय उत्तम आहे, पण प्रतिष्ठा नाजूक आहे. मी इथूनच बघतो." साखळी टेबलाभोवती फिरून खिडकीपर्यंत गेली होती.  मी स्विच लावला आणि सेकानीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ असे आवळले होते, की दोन्ही गाल फुगले होते.

मी स्विच काढला.

सगळ्यांच्या खांद्यांतून एक लाट गेली. चमचा उडून प्राचार्यांच्या पायाशी पडला. आणि अमामा कायांगेच्या तोंडून, मान मागे टाकून, जीभ हलवत, लांबच लांब असा एक आवाज निघाला. नवरी घरात येते तेव्हा आमच्याकडे बायका काढतात ना, तोच आनंदाचा आवाज. तिनं ठरवून काढला नव्हता. तो निघाला.

तो संपल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. सेकानीचे गाल थरथरत होते. अमामानं तिच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता मारते.

"हस की मेले," अमामा म्हणाली. "फुटशील."

आणि तीच आधी हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळ्या देहातून. सेकानीनं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि दोघी एकमेकींना धरून हलायला लागल्या. एक वाकली की दुसरी सरळ व्हायची, तिच्याकडे बघायची आणि पुन्हा वाकायची. स्वयंपाकघरातल्या बायकांनी तो आवाज उचलला. वेल्डिंगची पोरं टेबलं वाजवायला लागली. चिराम्बो सर भिंतीला टेकून नुसते "अरे देवा, अरे देवा" करत होते.

"परत लाव!" अमामा मला म्हणाली.

परत लावला. परत काढला. पुन्हा लावला. मधे एकदा अमामानं सेकानीला विचारलं, "हे येतं कुठून गं? सेल तर एवढुसा."

"अमामा, हा चोक आहे ना, त्यातून एकदा वाहायला लागलं की त्याला ते एकदम थांबवता येत नाही," सेकानी धापा टाकत म्हणाली. "वाट बंद केली की समोर जो असेल त्याच्यातून तो वाट काढतो."

अमामानं विचार केला. "माझी नणंद अशीच आहे," ती म्हणाली. "तिला पुढच्या वेळी इथं उभी करायची."

वोंगानीला तेवढ्यात काय सुचलं कोणास ठाऊक, तो पुढे येऊन म्हणाला, "आई, उसिस्याहून काकाचा निरोप आला का?"

"मला भल्या सकाळीच कळलंय," अमामा म्हणाली. "तू तुझ्या जागेवर जाऊन हात धर. साखळी तुटते."

त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं आणि तळाला लागलेलं मिळालं. कोणी कुरकुर केली नाही. सेकानी स्वतः ताट घेऊन रांगेत उभी राहिली, आणि अमामानं तिच्या ताटात एक मासा जास्त टाकला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं एक पोट कुठं गेलं?"

मॅडमनी सेकानीला भरपूर गुण दिले. मला पास होण्यापुरते, तेही स्विच बरा चालवते म्हणून. जायच्या आधी त्यांनी मला बाजूला बसवून ते उत्तर पुन्हा पुन्हा काढायला लावलं, एकशेवीस, उलट दिशेनं, चोवीस व्होल्ट, आणि माझ्या डोक्यात शिरल्याची खात्री झाल्यावरच उठल्या.

लग्न ऑगस्टमध्ये, उसिस्यात झालं. आता ती, वोंगानी आणि अमामा न्खाटा बेमध्ये एकत्र राहतात. सेकानी तळ्याकाठच्या बर्फाच्या कारखान्यात विजेच्या मोटारी सांभाळते. मी रविवारी जेवायला जाते. आत त्या दोघी जणी मासे तळताना काहीतरी बोलतात आणि एवढ्या जोरात हसत सुटतात, की बाहेर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मग वोंगानी आणि मी खुर्च्या उचलून आंब्याखाली जातो, आणि ताटं बाहेर येण्याची वाट बघत बसतो.